दोनशे मीटरवरचा मेंढा

माझी बायको पद्मजा हातांची फिजिओथेरपिस्ट. डॅलसच्या एका हॉस्पिटलात तळमजल्यावर तिची खोली होती. हात मोडलेले, कापलेले, भाजलेले लोक तिथे यायचे, आणि पद्मजा त्यांना पहिल्या दिवशी एकच विचारायची, "या हातानं तुम्हाला काय करता यायला हवंय?" कुणी म्हणायचं शर्टाची बटणं, कुणी बरणीचं झाकण, कुणी नातवंडाला उचलायचंय. ती ते फायलीत सगळ्यात वर लिहून ठेवायची.

१९८४च्या मार्चमध्ये हार्लन टिडवेल नावाचा पेशंट आला. वय एकसष्ट, सहा फुटांवर उंची, आयुष्यभर लेथ मशीनवर काम करून रिटायर झालेला. कोठाराचं छप्पर दुरुस्त करताना शिडीवरून पडला आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी ताठ झाली होती. पद्मजानं नेहमीचा प्रश्न विचारला. तो टोपी मांडीवर ठेवून म्हणाला, "मॅम, मला दोनशे मीटरवरचा मेंढा पाडायचाय."

"शिकार करता?"

"छे. लोखंडाचा मेंढा. फॉर्टी-फोर मॅग्नम रिव्हॉल्व्हरनं."

संध्याकाळी अर्विंगच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये पोळ्या लाटता लाटता तिनं मला सगळं समजावलं. टेक्ससमध्ये हा एक खेळ होता. जाड पोलादी पत्र्यातून कापलेले प्राणी रांगेनं उभे करायचे. पन्नास मीटरवर कोंबड्या, शंभरावर डुकरं, दीडशेवर टर्की पक्षी आणि दोनशेवर मेंढे. प्रत्येकी दहा, म्हणजे चाळीस गोळ्या. नुसती गोळी लागून भागत नाही, प्राणी आडवा पडला तरच तो मोजायचा. मेंढा पंचवीस किलोचा, त्यामुळे साध्या रिव्हॉल्व्हरनं तो हलतसुद्धा नाही. त्याला मोठ्या तोंडाचं, भरपूर दारूचं काडतूस लागतं, आणि असलं काडतूस उडवणाऱ्या हाताला तेवढाच धक्का सोसावा लागतो.

"धक्का किती बसतो विचारलं, तर म्हणतात सांगून कळायचं नाही," पद्मजा म्हणाली. "मग मी म्हटलं, दाखवा. शनिवारी जायचंय."

"अगं, बंदूक आहे ती!"

"अहो, मी कुठे विकत घेतेय? त्या मनगटाला किती सोसायचंय हे मला माहीत नसेल, तर मी व्यायाम कसला देऊ?"

मी टेलिफोन कंपनीत इंजिनियर, स्वभावानं भित्रा. फटाकेही लांबून पाहणारा. पण बायकोला एकटीला पाठवायची माझी तयारी नव्हती. आमची बारा वर्षांची विनीता मात्र म्हणाली, "आई, दॅट्स सो कूल!" तिला शेजारच्या वसुधाकाकूंकडे सोडून आम्ही निघालो.

फोर्ट वर्थ ओलांडून पश्चिमेला सव्वा तास गाडी चालवली. एका रँचच्या मागे चुनखडीचा उंच कडा होता, त्याच्या पायथ्याशी ते काळे प्राणी उभे होते. अलीकडे पत्र्याची शेड, दहा-बारा पिकअप ट्रक, टोप्या घातलेले पंधरा-वीस पुरुष. पद्मजा टिकली लावून, लांब बाह्यांचा शर्ट घालून उतरली तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. टिडवेलची बायको लोरीन गुण लिहायच्या टेबलापाशी बसली होती. तिनं माझ्या हातात थंडगार चहाचा भला मोठा ग्लास ठेवला आणि म्हणाली, "हनी, तुमचा चेहरा पांढरा पडलाय."

टिडवेलनं पेटी उघडली. मी मशीनं पाहिलेला माणूस आहे. ते रिव्हॉल्व्हर पाहून मलासुद्धा ते हातात घ्यावंसं वाटलं. दहा इंचांची नळी, दीड किलोवर वजन, काळ्यानिळ्या पोलादाला विहिरीच्या पाण्यासारखी खोल चकाकी. त्यानं घोडा मागे ओढला तेव्हा गोळ्यांची चक्री फिरून अशी नेमकी जागी बसली, की तो आवाज ऐकून मी मनातल्या मनात बनवणाऱ्याला दाद दिली. काडतुसं त्यानं घरीच भरलेली. प्रत्येकातली दारू सोनाराच्या काट्यासारख्या तराजूवर तोललेली.

त्याच्या हाताला अजून पट्टी होती. "माझा मित्र उडवून दाखवील," तो म्हणाला.

"दुसऱ्याच्या हाताचा धक्का मला कसा कळणार?" पद्मजा म्हणाली. "मी उडवते."

टिडवेलनं तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी ग्लासात पाहिलं.

तो फार चांगला शिक्षक होता. अर्धा तास त्यानं तिला रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर शिकवलं. तोंड कायम कड्याकडे, बोट चापाबाहेर, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा बारीक उंचवटा, मागच्या खाचेच्या बरोब्बर मधोमध. मग कानांवर जाड आवरणं, डोळ्यांवर चष्मा, आणि चक्रीत फक्त एक काडतूस. "पहिल्या दिवशी एका वेळी एकच," तो म्हणाला. "दचकून बोट पुन्हा आवळलं गेलं, तरी दुसरी गोळी सुटणार नाही."

तिनं दोन्ही हातांनी धरून नेम घेतला. मी कान झाकले होते, तरी तो आवाज थेट छातीत आदळला. नळीच्या टोकाशी हातभर जाळ दिसला, रिव्हॉल्व्हर उसळून तिच्या कपाळाच्याही वर गेलं, आणि लांब कड्यावर पांढरी धूळ उडाली.

पद्मजानं ते हळूच खाली आणलं, टेबलावर ठेवलं. मग स्वतःचा उजवा पंजा डोळ्यांपुढे धरला. बोटं उघडली, मिटली. मनगट गोल फिरवलं. मला वाटलं, लागलं हिला. ती म्हणाली, "पुन्हा."

पाच गोळ्या तिनं अशा एकेक करून उडवल्या. दर वेळी आधी हात बघायची, मग पुढचं काडतूस मागायची. पाचवीनंतर तिनं टिडवेलला विचारलं, "तुम्ही मनगट आवळून धक्का थोपवता का?"

"चाळीस वर्षं."

"थोपवू नका. कोपर सैल ठेवा, त्याला वर जाऊ द्या. धक्का दंडात जिरतो."

मागे उभे असलेले दोघेतिघे हसले. टिडवेलही हसला. "मॅम, तुम्ही पाच गोळ्या उडवल्यात. मी पन्नास हजार."

"म्हणूनच तुमच्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय," पद्मजा म्हणाली. "एक्स-रेत दिसतोय."

हसू थांबलं. टिडवेलनं आपला अंगठा चोळला आणि शेजारच्याला म्हणाला, "अरे, तू जरा कोपर सैल सोडून बघ बरं."

त्या दिवशी मीही एक गोळी उडवली. चष्मा उडून गवतात पडला. तेव्हा सर्वानुमते माझ्या हातात दुर्बीण देण्यात आली. या खेळात प्रत्येक नेमबाजाच्या शेजारी एक जण दुर्बीण लावून बसतो आणि गोळी कुठे पडली ते सांगतो. ते काम मला जमलं.

त्यानंतर आम्ही एक शनिवार सोडून एक जाऊ लागलो. टिडवेलच्या मनगटाचा हिशेब पहिल्याच दिवशी कळला होता, मग पुन्हा कशाला, असं मी विचारलं तेव्हा पद्मजा जरा लाजली. "आवडलं मला," ती म्हणाली. "दिवसभर मी लोकांना सांगत असते, जरा जोर लावा. इथे जोर लावला की चुकतं. श्वास सोडायचा, काही करायचं नाही, नुसतं बोट मागे येऊ द्यायचं. आणि मग एवढं मोठं काहीतरी होतं."

आमचा एक करार होता, की बंदूक आमच्या घरात यायची नाही. ती टिडवेलच्या पेटीत राही. तरी बातमी पसरायची ती पसरलीच. आमच्या मंडळातले हृदयाचे डॉक्टर उल्हास मला म्हणाले, "गिरीश, वहिनी म्हणे पिस्तूल चालवतात?" मी काही बोलायच्या आत पद्मजा पलीकडून म्हणाली, "पिस्तूल नाही, रिव्हॉल्व्हर. येता का?" ते भजी आणायला गेले.

लांबच्या प्राण्यांसाठी आडवं पडून नेम धरतात हे ती जूनमध्ये शिकली. पाठीवर, जरा कुशीवर झोपायचं, एक हात डोक्याखाली, दुसऱ्या हातातलं रिव्हॉल्व्हर मांडीला टेकवायचं. चक्रीच्या फटीतून जाळ निघतो म्हणून पायावर चामड्याचा तुकडा बांधायचा. जुलैत तिनं पहिला मेंढा पाडला. दोनशे मीटर म्हणजे गोळीला पोचायला अर्धा सेकंद, आणि आवाजाला परत यायला आणखी अर्धा. दुर्बिणीतून मला मेंढा आधी कलताना दिसला, तो पडतोय हे माझ्या एकट्याच्या डोळ्यांना कळलं, आणि मग शेडपर्यंत तो खणखणाट आला. मी आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर आरडाओरडा केला.

इकडे टिडवेलचा हात मात्र अडला. पकड मोजायचं एक यंत्र असतं, दाबलं की काटा सरकतो. त्याचा डावा हात शहाण्णव पौंड दाखवायचा. उजवा मार्चमध्ये बारा होता, जूनमध्ये एकेचाळीस, ऑगस्टमध्ये त्रेचाळीस. सहा आठवडे त्रेचाळीसच. मनगट मागे वळायचंच नाही. सर्जननं सांगितलं, आता यापुढे नाही.

हे पेशंटला सांगायचं काम पद्मजावर आलं. तिनं आडवळण घेतलं नाही. "मिस्टर टिडवेल, तुम्ही या हातानं ट्रक चालवाल, जेवाल, सही कराल. पण हा हात फॉर्टी-फोर पेलणार नाही. पेलायला लावलात, तर आहे तेही जाईल."

तो उठला. टोपी घेतली आणि निघून गेला. पुढच्या दोन्ही अपॉइंटमेंटना आला नाही. तिसऱ्या आठवड्यात लोरीनचा फोन आला. त्यानं रिव्हॉल्व्हर तेल लावून पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटीची किल्ली तिच्याकडे देऊन टाकली होती. अंगणात खुर्ची टाकून बसतो, म्हणाली, रस्त्याकडे पाठ करून.

त्या रात्रीच्या जेवणात पद्मजानं डाव्या हातानं भात कालवला. माझी आई असती तर ताट ओढून घेतलं असतं. मी विचारलं, "हाताला काही झालं का?" ती म्हणाली, "नाही." दुसऱ्या दिवशी डाव्यानं दात घासले, डाव्यानं कोथिंबीर चिरली, त्यात बोटही कापलं. वाणसामानाची यादी तिनं डाव्यानं लिहिली, ती वाचून मी हळदीऐवजी हिंग आणला. शेवटी ती म्हणाली, "मी त्यांना डाव्या हातानं शिका म्हणणार आहे. ते मला म्हणतील, एकसष्टाव्या वर्षी कुठे जमतं? मला उत्तर द्यायला हवं ना."

पुढचे पाच शनिवार आम्ही दोघं आणि लोरीन रँचवर गेलो. किल्ली लोरीनकडे होतीच. टिडवेलला तिनं सांगितलं, बहिणीकडे जाते. पद्मजा उलट्या कुशीवर झोपायची, डाव्या पायाला चामडं, डाव्या हातात रिव्हॉल्व्हर. फार वाईट होतं ते. उजव्या हातानं ती आता डुकरं पटापट पाडत होती. डाव्या हाताला कोंबडीच्या आसपासही गोळी नेता येईना. पहिल्या दिवशी चाळीसपैकी एक. दुसऱ्या दिवशी शून्य. अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला, फुटला. मी म्हटलं, "पुरे की आता." ती म्हणाली, "अहो, कुठे पडली ते सांगा." मी सांगत राहिलो. खाली. खाली. डावीकडे. पुन्हा खाली.

पाचव्या शनिवारी तिचे सात प्राणी पडले. त्यात एकही मेंढा नव्हता. तेवढं पुरे, असं तिनं ठरवलं.

नोव्हेंबरमध्ये लोरीननं टिडवेलला म्हटलं, मला गुण लिहायला जायचंय, तू ट्रक चालव. तो आला, पण खाली उतरला नाही. काच वर करून बसून राहिला. पद्मजानं त्याला नुसता नमस्कार केला आणि मातीत पसरलेल्या सतरंजीवर जाऊन डाव्या कुशीवर आडवी झाली.

पहिली गोळी खाली. दुसरी खाली. मी दुर्बिणीतून डोळा काढून ट्रककडे पाहिलं. काच अर्धी खाली आली होती. तिसऱ्या गोळीला डुकराच्या पायांशी ठिणगी उडाली, पण ते पडलं नाही. चौथी पुन्हा खाली. मग ट्रकचं दार वाजलं. टिडवेल लांब ढांगा टाकत आला आणि तिच्या डोक्याशी उभा राहिला.

"मॅम," तो म्हणाला, "तुम्ही डावखुऱ्या नाही."

"नाही."

"मग हे काय चाललंय?"

"पाच शनिवार झाले. पहिल्या दिवशी एक पडला होता, गेल्या वेळी सात पडले. माझी डाव्या हाताची पकड अठ्ठेचाळीस आहे. तुमची शहाण्णव."

वारा सुटला होता, शेडचा पत्रा वाजत होता. टिडवेल वाकला. "तुमचा खांदा फार वर आलाय," तो म्हणाला. "सगळ्या गोळ्या त्यामुळे खाली जातायत."

"दाखवा," पद्मजा म्हणाली, आणि सतरंजीवरून उठली.

त्याला आडवं व्हायला वेळ लागला. उलटी कूस अंगाला माहीत नव्हती. एकदा तो चुकून नेहमीच्याच बाजूला वळला आणि पुटपुटला. मग उजवा हात, तो न वळणारा, त्यानं डोक्याखाली घेतला. पद्मजानं वाकून त्याच्या डाव्या पायाला चामडं बांधलं. चक्रीत तिनं एकच काडतूस भरलं. त्यानं ते पाहिलं आणि मान हलवली, बरोबर आहे म्हणून.

ती गोळी कुठे गेली, देव जाणे. मला धूळसुद्धा दिसली नाही. पण पुढच्या सोमवारी तो अपॉइंटमेंटला दहा मिनिटं आधी हजर होता.

वर्षभर त्यानं घाम गाळला. पद्मजानं त्याच्या डाव्या हाताचे व्यायाम बसवले, त्यानं तिचे नेमबाजीचे. डाव्या हाताला बसेल अशी अक्रोडाच्या लाकडाची मूठ त्यानं स्वतः कोरली, चार वेळा फेकून पाचव्यांदा जमली. ऑक्टोबर १९८५मध्ये त्याच रँचवर मोठी मॅच झाली. साठ नेमबाज, दोन दिवस. पद्मजानं विचारलं होतं, मीही डाव्यानं खेळू का? टिडवेल जवळजवळ रागावला. "मॅम, मला सोबत नकोय. तुमचा चांगला हात आणा."

तिनं आणला. चाळीसपैकी चोवीस पाडले, त्यात पाच मेंढे. मी दुर्बिणीशी होतो, आणि खोटं कशाला सांगू, सहाव्या मेंढ्याला गोळी पायांत लागली, तो मागेपुढे डोलला आणि तसाच उभा राहिला, तेव्हा मी मराठीत एक शिवी दिली. पद्मजा आडव्या आडव्या हसली. "अहो, ऐकतायत सगळे."

"कुणाला कळतंय इथे?"

टिडवेलची पाळी आली तेव्हा त्याच्या शेजारी दुर्बीण घेऊन ती बसली. कोंबड्यांपैकी चार, डुकरांपैकी पाच, टर्की दोन. एके काळी हा माणूस छत्तीस-छत्तीस पाडायचा, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मेंढ्यांच्या वेळी बाकीचे आपापली कामं सोडून मागे येऊन उभे राहिले. पहिल्या पाच गोळ्यांत एकही पडला नाही. पद्मजाचा आवाज तेवढा ऐकू येत होता, क्लिनिकमध्ये असतो तसा शांत. "खाली, हातभर." "आता डावीकडे, वीतभर." "पाठीवरून गेली. तसंच धरा."

सहावी सुटली. धूर. मी माझ्या दुर्बिणीतून पाहत होतो. मेंढ्यानं मान टाकल्यासारखं केलं, सावकाश, आणि तो मागे पडला. मग आवाज आला. मागच्या मंडळींनी टोप्या हवेत उडवल्या. लोरीननं पेन्सिल खाली ठेवून दोन्ही हात तोंडावर धरले. टिडवेल हलला नाही. त्यानं घोडा ओढला. सातवी हुकली, आठवीला आणखी एक पडला. नववी चुकली. दहावी गोळी छातीत लागली, खणखणाट झाला, मेंढा डोलला, डोलला, आणि उभा राहिला.

"पडला नाही," पद्मजा म्हणाली.

"दिसलं मला," तो म्हणाला. "मेंढा मजबूत आहे." आणि आडवाच पडून तो आकाशाकडे बघत मोठ्यांदा हसायला लागला. तेरा पडले होते. साठांत त्याचा नंबर बावन्नावा आला. पद्मजाचा एकतिसावा.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचे बावीस झाले. पण मला सांगायचंय ते वेगळंच. मॅचनंतरच्या हिवाळ्यात पद्मजाकडे कारखान्याच्या दाबयंत्रात उजव्या हाताची तीन बोटं गेलेली एक मेक्सिकन शिंपीण आली. कात्री डाव्या हातानं धरायला सांगितली की रडायची. पद्मजानं टिडवेलला फोन केला. तो गुरुवारी आला, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला, खिशातून एक कात्री काढली. त्यानं ती भट्टीवर दोन दिवस घालवून डाव्या हातासाठी वाकवून आणली होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यानं स्वतःचा उजवा हात तिला दाखवला, न वळणारा. मग डाव्या हातानं कागदावरची रेघ कापायला घेतली. फार वाकडी कापली. शिंपिणीला राहवलं नाही. तिनं त्याच्या हातातून कात्री काढून घेतली.

दारात उभी राहून पद्मजा ते बघत होती. घरी येऊन तिनं ते मला सांगितलं. मग नाक पुसून ती म्हणाली, "शनिवारी लवकर निघू या हं. वारा सुटायच्या आत मेंढे संपवायचेत."